आफ्रिकेची ट्रक टूर इथल्या एजंटकडून बुक करताय? आधी हे वाचा

केपटाउन ते व्हिक्टोरिया फॉल्स ओव्हरलँड ट्रक टूरचा विचार असेल तर प्लीज पूर्ण वाचा. टूर फार सुंदर आहे, ट्रकवाल्या कंपनीबद्दल माझी काहीच तक्रार नाही, आम्हाला लुटलं ते इथल्या एजंटने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उंच ट्रक असतो, वर बससारख्या सीट्स, खालच्या कप्प्यांत तंबू, गॅस, भांडी, सोबत वेगवेगळ्या देशांची माणसं, आणि साधारण २० दिवसांत नामिबिया, बोट्सवाना करत झिम्बाब्वेला पोचायचं. यात बऱ्याच कंपन्या पैसे दोन भागांत घेतात, एक बुकिंगला आणि दुसरं लोकल पेमेंट, ते निघताना टूर लीडरच्या हातात रोख द्यायचं, बहुतेक डॉलरमध्ये. खरी मेख इथेच आहे. आमच्या एजंटने हे लोकल पेमेंटसुद्धा आमच्याकडून इथेच रुपयांत घेतलं, "ताई टेन्शन घेऊ नका, सगळं इन्क्लुडेड आहे, तिकडे फक्त शॉपिंगला पैसे न्या", आणि बिलावर एकच ओळ, ऑल इन्क्लुजिव्ह पॅकेज.

केपटाउनला निघायच्या आदल्या संध्याकाळी मीटिंग असते, लीडर पासपोर्ट, इन्शुरन्स बघतो आणि पैसे गोळा करतो. त्याने यादी आमच्यापुढे धरली तर आम्हा चौघांच्या नावांपुढे लोकल पेमेंट बाकी आणि शेजारी कॅम्पिंग लिहिलेलं. आम्ही तर लॉजचे पैसे भरले होते! एकाच ट्रकमध्ये तंबूवाले आणि रूमवाले दोन्ही असतात, त्यामुळे एजंटने स्वस्तातली सीट घेऊन महागातली म्हणून विकली तरी ट्रकपाशी पोचेपर्यंत कळायला मार्गच नसतो. एजंटला फोन केला तर "उद्या कन्फर्म करतो", मग नुसत्या ब्ल्यू टिक्स, मग ब्लॉक. सकाळी ट्रक निघणार, परतीची तिकिटं व्हिक्टोरिया फॉल्सहून, करणार काय, नवऱ्याने कार्डवर एटीएममधून रँड काढले, लीडरने डॉलरऐवजी ते चालवून घेतले, भला माणूस.

रूम्स कुठेच शिल्लक नव्हत्या. नामिबियात सेस्रीमला, म्हणजे सोसुसव्लेईच्या वाळूच्या टेकड्यांच्या गेटपाशी, रात्री वाळवंटातली थंडी काय असते ते कळलं. भावोजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, तंबूत शिरायला वाकावंच लागतं, ते दोन्ही हात वाळूत टेकून, पाय मागे सरळ ठेवून आत सरपटायचे आणि ताई बाहेर टॉर्च धरून उभी. हे बघून मला त्या एजंटचा जो संताप आला तो अजून गेलेला नाही. एटोशा अभयारण्यात रात्री ओकाकुएजोच्या पाणवठ्यावर दिव्यांच्या उजेडात गेंडे आले तेव्हा भावोजी पोरासारखे खूश होते, ती ट्रिप त्यांना नीट, आरामात मिळायला हवी होती, पैसे पूर्ण भरले होते त्यांनी.

घरी आल्यावर दुसरी गोष्ट कळली. परदेशी टूर पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस, म्हणजे पैसे घेतानाच कापायचा आयकर, घेऊन तो आपल्या पॅनवर जमा करावा लागतो. आमच्या बिलात टीसीएस लावलेला, फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या नोंदीत, मात्र एक रुपया दिसत नाही. तुम्ही कुठल्याही एजंटकडून परदेशी टूर घेतली असेल तर हे आजच बघा.

बुक करताना एजंटच्या लेटरहेडवर विश्वास ठेवू नका, ट्रक चालवणाऱ्या कंपनीचं नाव आणि तिचं स्वतःचं व्हाउचर मागा, बुकिंग नंबर घेऊन कंपनीला थेट मेल करा, की आमचं कॅम्पिंग आहे का रूम, आणि लोकल पेमेंट आलंय का. नाव सांगायला टाळाटाळ केली तर तिथूनच उठा. आणि साउथ आफ्रिकेचा व्हिसा सिंगल एन्ट्री आहे का मल्टिपल तेही बघा, परतीची तिकिटं वेगवेगळी असतील तर जोहान्सबर्गला बॅगा घ्यायला परत देशात शिरावं लागू शकतं आणि सिंगल एन्ट्री तर आधीच वापरून झालेली असते.

आम्ही १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली, आता जिल्हा ग्राहक आयोगात केस टाकतोय, २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येते. एजंटने नंबर बदललाय पण ऑफिस उघडंच आहे आणि पुढच्या आफ्रिका ग्रुपचं बुकिंग जोरात चालू आहे. कोणाला असाच अनुभव असेल तर बिल आणि चॅट डिलीट करू नका, आणि मला कळवा, एकत्र तक्रार करू.