नऊ महिने, चार जुने खेळ आणि एक दोनशेपानी वही

गेल्या दसऱ्याच्या सुमारास 'बाल्डर्स गेट ३' दुसऱ्यांदा संपवला आणि वाटलं, तिसरा एवढा आवडलाय तर पहिला बघायलाच हवा. तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे जवळजवळ नऊ महिने, मुलगी झोपली की साडेदहा ते बारा मी फक्त जुने रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एका पात्राची भूमिका घेऊन खेळायचे संगणकावरचे खेळ, खेळतोय. 'बाल्डर्स गेट' (१९९८), 'प्लेनस्केप: टॉर्मेंट' (१९९९), 'मॉरोविंड' (२००२) आणि सगळ्यात शेवटी हाती घेतलेला पण वयाने सगळ्यात मोठा, 'अल्टिमा ४' (१९८५). पहिले दोन पूर्ण झाले, मॉरोविंडची मुख्य कथा झाली, अल्टिमा चालू आहे.

यातला एकही खेळ मी लहानपणी खेळलेलो नाही. आमच्या गावच्या सायबर कॅफेत तासाला वीस रुपये पडायचे. ऐंशी-शंभर तासांची कथा तिथे कोण खेळणार? सगळे काउंटर-स्ट्राइकवर. त्यामुळे पुढे जे लिहिलंय त्यात जुन्या आठवणींचा मोह नाही. पस्तिशी ओलांडलेल्या, नव्या खेळांची सवय लागलेल्या माणसाला हे खेळ आज कसे लागतात, एवढंच सांगतो.

आधी सोयीचं बोलून घेऊ. माझा लॅपटॉप सहा वर्षं जुना, ऑफिसच्या कामाचा, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चारही खेळ त्यावर लोण्यासारखे चालतात. बाल्डर्स गेट आणि प्लेनस्केपच्या बीमडॉग कंपनीने काढलेल्या सुधारित आवृत्त्या घ्या (अनुक्रमे २०१२ आणि २०१७). मूळ खेळ ६४० बाय ४८० च्या पडद्यासाठी बनवलेले, आजच्या स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. सुधारित आवृत्तीत अक्षर मोठं करता येतं, चित्र जवळ घेता येतं. मॉरोविंड मी ओपनएमडब्ल्यूवर, म्हणजे तो खेळ आजच्या संगणकावर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चालवला. ते फुकट आहे, फक्त मूळ खेळाच्या फाइल्स आपल्याकडे लागतात. अल्टिमा ४ तर गॉग या खेळ विकणाऱ्या वेबसाइटवर कितीतरी वर्षं फुकट आहे.

बाल्डर्स गेटने पहिल्याच रात्री मला जमिनीवर आणलं. मी जादूगार घेतला. पहिल्या पातळीवर जादूगाराचा जीव जेमतेम चार ते सहा गुणांचा. एका लांडग्याने नीट चावा घेतला तर खेळ संपला. मंत्र पाठ करून ठेवायचे, आणि एकदा म्हटला की तो डोक्यातून गेला. पुन्हा हवा तर झोप काढा. आपल्याला वाढवणाऱ्या गोरायनचा मृत्यू झाल्यावर सगळे तुम्हाला 'फ्रेंडली आर्म' सराईकडे जा म्हणून सांगतात. तिथे पोचलो, पायऱ्यांजवळ एक जण पुढे आला, नाव विचारलं आणि थेट हल्ला केला. भीतीचा मंत्र टाकला की आपली माणसं सैरावैरा पळत सुटतात आणि मग तो एकेकाला निवांत टिपतो. मी तिथे सात वेळा मेलो.

आठव्या वेळी काय बदललं ते सांगतो, कारण हा खेळ तिथेच मला समजला. मंत्र म्हणताना माणसाला घाव लागला की मंत्र मोडतो. हे कुणी येऊन सांगत नाही. तो मारेकरी बोलायचा थांबला त्या क्षणी मी स्पेसबार दाबून खेळ थांबवला, माझी सोबतीण इमोएनच्या हातात धनुष्य दिलं, बाकीच्यांना गोफण आणि फेकायचे सुरे दिले, आणि सगळ्यांना एकदम त्याच्यावर सोडलं. त्याचे हात हलायला लागले, एक बाण बसला, मंत्र फुकट गेला. नव्या खेळांतल्या मोठमोठ्या राक्षसांना मारूनही एवढं समाधान मला मिळालं नव्हतं.

नियमांचं तेवढं एकदा डोक्यात बसवून घ्यावं लागतं. बाल्डर्स गेट आणि प्लेनस्केप हे दोन्ही डंजन्स अँड ड्रॅगन्स या कागद-फाशांच्या खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या नियमांवर चालतात आणि तिथे आकडा जितका लहान तितकं चांगलं. चिलखत दहावरून खाली येत जातं. 'थॅको' म्हणजे चिलखत शून्य असलेल्या शत्रूला लागण्यासाठी वीस बाजूंच्या फाशावर किती पडायला हवेत तो आकडा. तुमचा थॅको २० आणि समोरच्याचं चिलखत ५, तर १५ किंवा जास्त पडले पाहिजेत, म्हणजे वीसांतल्या सहा वेळा. दहातले सात घाव वाया जाणार हे आधी माहीत असेल तर चिडचिड होत नाही. मला हे तीन आठवड्यांनी कळलं आणि त्या तीन आठवड्यांत दोनदा खेळ काढून टाकायच्या बेतात होतो.

या खेळातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट लोखंडाची. कथेत सगळ्या प्रदेशात लोखंडाचा तुटवडा आहे, नॅशकेलच्या खाणीतून निघालेलं लोखंड ठिसूळ होतंय. आता हे फक्त लोकांच्या तोंडी ठेवलं असतं तरी चाललं असतं. पण इथे ऐन लढाईत तुमच्या हातातली तलवार खरोखर मोडते. पहिल्यांदा मोडली तेव्हा मला वाटलं खेळात बिघाड आहे. मग गावातल्या लोकांचं बोलणं आठवलं. तेव्हापासून प्रत्येकाच्या पिशवीत एक जादा तलवार ठेवायला लागलो, आणि खाणीच्या तळाशी जाऊन खनिजावर द्रव ओतणारे कोबोल्ड नावाचे बुटके राक्षस सापडले तेव्हा मला त्यांचा खरा राग आला. माझ्या चार तलवारी त्यांनी घालवल्या होत्या!

वाईट तेही आहे. सहा माणसं अरुंद बोगद्यात एकमेकांना अडतात. दाराशी गर्दी झालेल्या लोकलसारखी अवस्था होते आणि एखादा शहाणा उलट्या वाटेने सापळ्यावर जाऊन उभा राहतो. रानातले कितीतरी नकाशे रिकामे आहेत, नुसतं चालत राहायचं. खेळाला ज्या शहराचं नाव दिलंय ते पाचव्या प्रकरणात येतं. माझा सल्ला: अवघडपणा खुशाल कमी करा. मी दुसऱ्या महिन्यात केला आणि खेळाची गोडी वाढली.

प्लेनस्केप: टॉर्मेंट हा मात्र वेगळा प्रकार आहे, आणि हे सगळं लिहायला बसलो ते खरं तर त्याच्यासाठी. एक माणूस शवागारातल्या दगडावर जागा होतो. नाव आठवत नाही. तो मरत नाही, मेला तरी परत उठतो, पण दर खेपेला मागचं विसरलेला असतो. पाठीवर त्यानेच स्वतःसाठी गोंदवून ठेवलेल्या सूचना. सोबतीला मॉर्ट नावाची तरंगती, बडबडी कवटी. वाचन प्रचंड आहे, एकूण मजकूर आठ लाख शब्दांच्या आसपास आहे असं सांगतात आणि मला ते पटतं. लढाया साधारण आहेत. ताकदीवर गुण घालू नका. शहाणपण आणि बुद्धी वाढवा, कारण या खेळातली खरी दारं संभाषणातून उघडतात.

आपल्याकडच्या वाचकाला हा खेळ फार जवळचा वाटेल. मागच्या जन्मांत आपण कुणाकुणाचं काय केलं ते या जन्मी समोर येत राहणं, हे आपण आजीच्या गोष्टींपासून ऐकत आलोय. इथे ते देणं फेडायला तुम्ही स्वतः बसता. सिजिल शहरात एक जागा आहे, तिथे दगडांत साठवलेले अनुभव घेता येतात. एका दगडात डिओनारा नावाच्या स्त्रीची आठवण आहे. ती तुमच्यावर, म्हणजे तुमच्या एका जुन्या रूपावर, जीव टाकते. दगडाला हात लावला की आधी तिचं मन कळतं, तिची आशा, तिची भीती. आणि त्याच क्षणी त्या जुन्या रूपाचं मनही आठवतं: तो तिच्याशी गोड बोलताना आत थंडपणे हिशेब करतोय, हिचा उपयोग कसा होईल. दोन्ही एकदम. आवाज नाही, हलतं चित्र नाही, पडद्याच्या तळाशी नुसती अक्षरं. मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिलो. त्या रात्री पुढे खेळलो नाही.

शेवटच्या तिसऱ्या भागात, सिजिल सोडल्यावर, खेळ घाईत आटोपल्यासारखा वाटतो. लढाया वाढतात, बोलणं कमी होतं. तिथे नेटाने पुढे जा. शेवट चुकवण्यासारखा नाही.

मॉरोविंडबद्दल थोडक्यात. तलवार शत्रूच्या अंगातून आरपार जाताना दिसते आणि तरी लागत नाही, कारण आत फासा पडतोय. धावून दमलात की नेम आणखी चुकतो. थोडं थांबून दम खाल्ला की निम्मी तक्रार मिटते. पण या खेळात कुठे जायचं ते दाखवणारा बाण नकाशावर नाही, आणि तेच मला सगळ्यात आवडलं. लोक तोंडी पत्ता सांगतात: बाल्मोरा गावाच्या दक्षिणेकडून बाहेर पडा, पूल ओलांडा, मूनमॉथ किल्ल्याच्या पुढे जा, मग जुना पूल लागेल. आपण गावाकडे 'पिंपळ लागला की डावीकडे वळा' सांगतो, अगदी तसंच. अर्कनथँडच्या अवशेषात एक छोटीशी पेटी शोधायची असते. दार दिसेना म्हणून मी दोन रात्री डोंगराला प्रदक्षिणा घातल्या. शेवटी वहीत स्वतःच लिहिलेलं पुन्हा वाचलं, पूल पार केला, समोर नळाला लावलेला दांडा दिसला. तो फिरवला आणि खडक सरकला.

या वहीचं सांगायचं राहिलं. साधी दोनशेपानी, चौकटीची. तिच्याशिवाय हे खेळ खेळू नका. नव्या खेळांत खेळ आपल्यासाठी लक्षात ठेवतो. इथे कुणी काय सांगितलं ते आपणच लिहून ठेवायचं असतं, आणि लिहिलेलं विसरत नाही. आज सहा महिन्यांनीही बाल्मोराच्या गल्ल्या मला पाठ आहेत. नव्या खेळांतलं एक गावसुद्धा मला तसं आठवत नाही.

अल्टिमा ४ साठी तर वहीच खेळ आहे. चित्रं म्हणजे ठोकळे. कीबोर्डवरच्या प्रत्येक अक्षराला एक आज्ञा. लोकांशी बोलायचं तर शब्द टाइप करायचा: नाव, काम, आणि त्यांच्या उत्तरातला एखादा शब्द धरून पुढचा प्रश्न. आधीच्या अल्टिमा खेळांत खेळाडू चोऱ्यामाऱ्या करून, गावकऱ्यांना मारून जिंकत होते, ते खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियटला खटकलं. म्हणून इथे मारायला कुणी महाखलनायकच नाही. प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता हे आठ गुण अंगी बाणवून 'अवतार' व्हायचं. शब्द आपलाच आहे, आणि गॅरियटने तो हिंदू कल्पनेवरूनच घेतला. खेळ सगळं मुकाट मोजत असतो. भिकाऱ्याला दिलेलं सोनं, पळणाऱ्या सापाला सोडून दिलं की मारलं, वैद्याकडे रक्त दिलं की नाही.

जादूचं साहित्य विकणारी बाई आंधळी आहे. ती किंमत सांगते आणि किती देताय ते तुम्हाला टाइप करायला लावते. कमी दिलं तरी ती घेते. त्या दिवशी रविवार होता, नऊ वर्षांची लेक शेजारी बसली होती. माझ्याकडे सोनं कमी होतं, मी आकड्यापाशी थांबलो. ती म्हणाली, "बाबा, तिला दिसत नाही ना? मग तू तरी मोजून दे." मी लसूण आणि जिनसेंग तेवढं घेतलं, पूर्ण पैसे दिले, आणि त्या रात्री उपाशी सोबत्यांसह जंगलातून चालत किल्ल्यावर गेलो.

अडचणीही आहेत. जतन करायची जागा एकच, त्यामुळे चूक झाली तर मागे जाता येत नाही. लढाया लांबतात, शेवटी शेवटी कंटाळा येतो. मंत्राचं मिश्रण दर वेळी हाताने करावं लागतं. ज्याला रोज वीसच मिनिटं मिळतात त्याने हा खेळ शेवटी घ्यावा, सुरुवात प्लेनस्केपपासून करावी.

सध्या मी मंत्रांच्या मिश्रणात लागणाऱ्या मॅंड्रेकच्या मुळीपाशी अडलोय. ती दुकानात मिळत नाही. ठरावीक जागी, आकाशातल्या दोन्ही चंद्रांची अमावास्या असतानाच सापडते. जागेचा पत्ता वहीत आहे, लेकीच्या अक्षरात, खाली दोन काळे गोल काढलेले. काल एक चंद्र काळा होता, दुसरा अजून बारीक कोर.