माहितीचे धडे वाचायला शिकवणारा धरमपेठेतील वाचनवर्ग

गोष्टींची पुस्तके भराभर संपवणारी मुले परिसर अभ्यासाचा धडा समोर आला की थेट पाठांतराकडे वळतात, कारण गोष्टीत पुढे काय झाले हा धागा आपोआप हाती लागतो आणि माहितीच्या मजकुरातला धागा त्यांना कोणी दाखवलेला नसतो. नागपूरच्या धरमपेठेत उन्हाळ्याच्या सुट्टीत चौथी ते सातवीच्या मुलांसाठी भरणारा एक वाचनवर्ग हा धागा दाखवण्याचे काम करतो. माझी पाचवीतली मुलगी यंदा तेथे जात होती आणि पालकांना मागे बसण्याची मुभा असल्याने बरेचसे शिकवणे मला प्रत्यक्ष पाहता आले.

वर्णन, घटनाक्रम, तुलना, कारण-परिणाम आणि समस्या-उपाय या मजकुराच्या पाच मांडण्यांवर सारा अभ्यासक्रम उभा आहे, तरी ही नावे घोकून घेतली जात नाहीत. आधी शीर्षक, उपशीर्षके आणि चित्रांखालच्या ओळी तेवढ्या पाहून लेखक काय सांगणार असावा, हे मुलांनी वहीच्या डाव्या पानावर लिहायचे. मग मजकूर वाचताना ‘त्यामुळे’, ‘याउलट’, ‘त्यानंतर’ अशा शब्दांखाली रेघ मारायची आणि शेवटी उजव्या पानावर मजकुराची आकृती काढायची, अशी पद्धत आहे.

संत्र्यावरचा पाठ मला सर्वांत आवडला. पहिल्या परिच्छेदात आंबिया बहराची फुले जानेवारी-फेब्रुवारीत आणि मृग बहराची जून-जुलैत येतात, फळे कोणाची कधी तोडणीला येतात, अशी माहिती होती. मुलांनी लगेच दोन रकान्यांचा तक्ता आखला. दुसऱ्या परिच्छेदात मृग बहरासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडून ताण का देतात हे सांगितले होते. तेथे तक्ता चालेना, म्हणून बाईंनी बाणांची साखळी काढायला सांगितली: पाणी बंद, वाढ थांबली, झाडात अन्नसाठा झाला, पाऊस पडताच फुले. त्यावर काटोलकडचा एक मुलगा म्हणाला, “बाई, ताण जास्त झाला तर झाडच वाळते, आबाजी सांगतात. ते यात नाही.” बाईंनी साखळीच्या मधूनच एक वेगळा बाण फोडून त्याचे म्हणणे फळ्यावर घेतले. उताऱ्यात काय आहे आणि काय राहून गेले आहे, हे मुलाला दिसावे यासाठीच तर आकृती काढायची असते.

मात्र सरावपत्रिकांबद्दल माझी तक्रार आहे. त्यांतले बहुतेक उतारे एकेका मांडणीच्या साच्यात बसतील असे मुद्दाम लिहिलेले आहेत आणि खुणेचा शब्द सापडला की उत्तर सापडले, अशी सवय मुलांना लागते. एका उताऱ्यात 1953 चा नागपूर करार, 1960 साली झालेली महाराष्ट्राची स्थापना आणि विधिमंडळाचे नागपुरातील अधिवेशन यांची माहिती होती. साल दिसताच बहुतेकांनी कालरेषा काढली आणि उत्तरपत्रिकेनेही तीच बरोबर ठरवली. वास्तविक त्या उताऱ्यात विदर्भ मराठी भाषकांच्या राज्यात सामील होताना दरवर्षी एक अधिवेशन नागपुरात घेण्याचे या करारात कसे ठरले, म्हणजे आजच्या प्रथेमागचे कारण सांगितले होते. कालरेषा काढलेल्या माझ्या मुलीला मी घरी विचारले, “अधिवेशन नागपुरात का भरते?” तिचे उत्तर आले, “1960.” हा मजकूर कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो आहे, हे आधी विचारायला शिकवले असते तर सालांनी तिला चकवले नसते. बालभारतीचे धडे आणि वर्तमानपत्रातील बातम्या सरावाला घेतल्या तरी ही उणीव बरीच भरून निघेल, कारण तेथे दोन-तीन मांडण्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

अनुक्रमणिका आणि सूची यांचा पाठ घाईत उरकला गेला. मुलांच्या मराठी पुस्तकांत शेवटी सूची क्वचितच असते, त्यामुळे बाईंना प्राण्यांवरचा एक इंग्रजी कोश आणावा लागला, हा दोष अर्थात वर्गाचा नव्हे.

सकाळी आठची वेळ नागपूरच्या मे महिन्याला योग्य आहे, पण कूलरच्या घरघरीत मागच्या रांगेतील मुलांना मोठ्याने केलेले वाचन धड ऐकू येत नाही. शुल्क पोहण्याच्या उन्हाळी वर्गाइतके आहे. चौथीच्या मुलांची लिहिताना दमछाक होते, त्यांना एक वर्ष थांबवलेले बरे. पाचवी-सहावीच्या मुलांना जरूर पाठवावे, आणि सरावपत्रिका घरी आल्यावर त्यावरील उत्तरे पालकांनी एकदा स्वतः तपासावीत.