ओव्हन न लावता फळांचा खाऊ : आठ महिन्यांनंतर

आधी निकाल सांगते, पाल्हाळ नंतर. आठ महिने झाले, आठवड्यातून एकदोनदा तरी मी ओव्हन न लावता फळांचा काहीतरी खाऊ करते. सुक्या फळांच्या वड्या आणि गोळे घरात कायमचे राहिले. गोठवलेलं केळंही राहिलं. ताज्या फळांचे बाकीचे बरेच प्रयोग मात्र मी सोडून दिले. आणि 'पाच मिनिटांत तयार' हे कुठे वाचलं की आता हसू येतं. पाच मिनिटं नुसत्या खजुराच्या बिया काढायलाच जातात.

हे सगळं हौसेनं सुरू झालं असंही नाही. ओव्हन बिघडला, दुरुस्ती आज-उद्या करत लांबली, आणि संध्याकाळी चहाच्या वेळी तोंडात टाकायला काहीतरी गोड लागतं ही घरातली सवय काही बिघडली नव्हती. म्हटलं, चार दिवस असं चालवू.

पहिले दोन महिने निम्मा माल फसला. कधी वड्या थापल्या जात नव्हत्या, कधी तिसऱ्या दिवशी वास यायचा, कधी चॉकलेटचा दगड व्हायचा. कारणं वेगवेगळी वाटत होती, पण खोलात गेल्यावर जवळजवळ प्रत्येक वेळी एकच निघालं : पाणी. ओव्हनमध्ये आपण पदार्थ भाजतो म्हणजे बऱ्याच अंशी त्यातलं पाणी उडवतो. ओव्हन नाही म्हटल्यावर पाणी बाहेर काढणारं कोणी नाही. जेवढं आत गेलं तेवढं आतच राहणार. ताज्या जर्दाळूत साधारण 86 टक्के पाणी असतं, सुक्यात 31 टक्क्यांच्या आसपास. मेडजूल खजुरात 21, स्ट्रॉबेरीत 91. हे आकडे डोक्यात बसले आणि पाककृती वाचायची गरजच कमी झाली. कुठली वडी उभी राहील आणि कुठली लोळेल, हे साहित्य वाचूनच कळायला लागलं.

खजुरावर जरा सविस्तर लिहिते, कारण माझा निम्म्याहून जास्त खाऊ त्याच्यावरच उभा आहे. मेडजूल मोठा, मांसल, हाताला मऊ लागतो. तो भिजवू नका. मी पहिल्या वेळी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवला आणि त्याची खीर करून बसले. तीन दिवस फ्रीजमध्ये ठेवूनही ते मिश्रण ताटात पसरलेलंच राहिलं, शेवटी चमच्यानं खाऊन संपवलं. दुसरे खजूर, विशेषतः डेग्लेट नूर, बारीक आणि घट्ट असतात. ते फारच वाळलेले असतील तर गरम पाण्यात दहा मिनिटं, मग निथळून फडक्यानं टिपून घ्यायचे. टिपणं हे खरं काम. ते टाळलं की पुढे ओट्स वाढवत बसावं लागतं आणि चव पिठूळ होते.

माझं ठरलेलं प्रमाण असं : बिया काढलेले खजूर 200 ग्रॅम, बदाम किंवा अक्रोड 100 ग्रॅम, ओट्स 50 ग्रॅम, आणि चिमूटभर मीठ. मिठाला नाक मुरडू नका, त्याच्याशिवाय हा प्रकार नुसता गोड-गोड लागतो. बदाम आधी, एकटे, आणि भरडच फिरवायचे. ते जास्त फिरले की तेल सोडतात आणि गोळे तुपकट होतात. मग बाजूला काढून खजूर फिरवायचा. त्यानंतर सगळं एकत्र करून हातानं मळायचं. मुठीत दाबल्यावर गोळा धरला आणि बोटांना फारसं चिकटलं नाही, की झालं. ओट्स चपट्या पोह्यांसारखे असतात तेच घ्यावेत. ते बनवतानाच वाफवलेले असतात, त्यामुळे न शिजवता खाल्ले तरी चालतात. कच्चा मैदा किंवा कणीक मात्र अशा खाऊत अजिबात घालू नये. कच्च्या पिठात सालमोनेला किंवा ई. कोलायसारखे जंतू असू शकतात, आणि इथे ते मारायला आच नाही.

मिक्सरबद्दल. खजूर हा मिक्सरचा वैरी आहे. पात्याभोवती त्याचा एक गोळा होतो, तो जागेवरच गरगरतो आणि मोटर तापते. एकदा जळका वास आला तेव्हा मी शहाणी झाले. आता निम्मा-निम्मा माल, दोन-तीन सेकंदांचे झटके, मध्ये थांबून चमच्यानं खरवडणं. फूड प्रोसेसर असेल तर हा ताप नाही, पण केवळ ह्यासाठी घेऊ नका. कात्रीनं तुकडे करून मळलं तरी वड्या होतात, फक्त थोड्या खडबडीत. आणखी एक : पाकिटावर 'बिनबियांचे' लिहिलेलं असलं तरी प्रत्येक खजूर उघडून बघा. माझ्या पात्याला जो खाचा पडलाय तो अशाच एका राहून गेलेल्या बीचा आहे. दाताखाली आली असती तर काय, हा विचार नंतर आला.

थापताना खाली बटर पेपर, वर सपाट बुडाची वाटी, आणि जोर लावायचा. हलक्या हातानं थापलेल्या वड्या कापताना भुगा होतात. तासभर फ्रीजमध्ये, मग सुरीला तेलाचं बोट लावून कापायच्या. झाकणाच्या डब्यात, फ्रीजमध्ये, माझ्याकडे दोन आठवडे छान राहतात. चौथ्या महिन्यात अक्रोडाच्या वड्या दिसायला सुंदर म्हणून काचेच्या बरणीत ओट्यावर ठेवल्या होत्या. उन्हाचे दिवस, काही दिवसांत खवट. खजुराचा दोष नव्हता, अक्रोडातलं तेल हवेनं आणि उष्णतेनं लवकर खराब होतं. तेव्हापासून अक्रोड आणि अक्रोडाचं सगळं फ्रीजमध्ये.

जर्दाळू आंबटसर असतो, म्हणून खजुरात एक चतुर्थांश घातला तर गोडवा तुटतो. मला सगळ्यात आवडलेली वडी तीच. नारिंगी रंगाचा जर्दाळू बहुधा सल्फर डायऑक्साइडनं रंग टिकवलेला असतो, तपकिरी असतो तो बिनसल्फरचा. तपकिरी बघायला मळकट, पण चवीला गूळ-गूळ, मला तोच बरा वाटतो. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटनं त्रास होतो, तेव्हा कोणाला द्यायचं असेल तर पाकीट वाचा. वड्या बांधायला खोबरेल तेल घालायला सांगतात, पण ते 24 अंशांच्या आसपास वितळतं. थंड खोलीत वडी, गरम खोलीत लापशी. मी घालायचं बंद केलं.

अंजिराच्या बिया दाताखाली कचकच करतात, त्यावरून घरात दोन तट पडले. सुक्या आलुबुखाराचे गोळे चवीला फार छान झाले होते. त्यात सॉर्बिटॉल नावाचा साखरेसारखा घटक असतो आणि पोट साफ करण्याबद्दल त्याची ख्याती खरी आहे, एवढंच सांगते. सहा खाल्ले होते.

आता ताजी फळं. इथे माझी तक्रार अशी की ज्याला 'पाककृती' म्हणतात ते बऱ्याचदा नुसतं फळ चिरणं असतं. सफरचंदाच्या चकतीला बदामाचं लोणी लावून वर मनुका टोचल्या, ह्यात मी काय केलं? पण संध्याकाळी पाच वाजता तेच सगळ्यात आधी संपतं, हेही खरं. चकत्या काळवंडू नयेत म्हणून लिंबाचा रस लावावा. फळातली एन्झाइम्स हवेशी मिळून रंग बदलतात, आंबटपणा त्यांना आवरतो.

केळं मात्र खरंच जादू आहे. साल ठिपक्यांची होईपर्यंत पिकू द्यायचं, चकत्या करून ताटात एकेक सुटी मांडून गोठवायची, मग डब्यात भरायची. सरळ डब्यात कोंबलं तर वीट तयार होते, मी फोडली आहे. गोठलेल्या चकत्या मिक्सरमधून काढल्या की आधी भुसा दिसतो, वाटतं फसलं. तसंच खरवडत फिरवत राहायचं, अचानक आइस्क्रीमसारखं मऊ होतं. कच्चट केळ्याचं होत नाही, त्यात पिष्ट जास्त, साखर कमी असते, आणि चव चिकाची येते.

फळांना चॉकलेट लावायच्या नादात मी चॉकलेटची एक अख्खी वडी घालवली. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाण्याचे दोनचार थेंब पडले तरी ते आळून दाणेदार होतं. धुतलेली स्ट्रॉबेरी नीट पुसली नव्हती, बाकी सांगायला नको. दही पसरून, वर फळं टाकून गोठवायचं आणि तुकडे मोडायचे, हा प्रकार फोटोत अप्रतिम. हातात घेतल्यावर मिनिटाभरात कोपरापर्यंत ओघळतो. करायचाच तर दही टांगून घट्ट करून घ्या, पाणी कमी तर बर्फाचे खडे कमी. त्यात किवी घालून मिश्रण रात्रभर फ्रीजमध्ये ठेवू नका. किवीतलं एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि सकाळी सगळं कडू होतं. अननसाचीही तीच गत. ताज्या अननसाच्या फोडी घातलेली जिलेटिनची जेली माझ्याकडे दोन दिवस पातळच राहिली. अगार (समुद्री शेवाळातून काढलेलं) वापरलं तर सेट होते, कारण जिलेटिनसारखं ते प्रथिन नाही. फक्त ते चांगलं उकळून विरघळवावं लागतं.

आणि सगळ्यात मोठी चूक : सुक्यात ओलं मिसळणं. खजुराच्या वड्यांत किसलेलं सफरचंद घातलं की पहिल्या दिवशी अप्रतिम लागतं, तिसऱ्या दिवशी आंबूस वास. सुकी फळं टिकतात ती पाणी कमी म्हणून, आपणच पाणी घातलं तर त्यांनी तरी काय करावं. तसं करायचंच असेल तर त्याच दिवशी संपेल एवढंच करा.

'साखर नाही' ह्या दाव्याबद्दल बोलायलाच हवं. वरून घातलेली नाही, एवढंच. 100 ग्रॅम मेडजुलात सुमारे 66 ग्रॅम साखर असते. माझ्या प्रमाणात 25 ग्रॅमच्या एका गोळ्यात 14 ग्रॅम खजूर जातो, म्हणजे नऊ ग्रॅमच्या वर साखर. सोबत तंतू आणि बदाम असतात, म्हणून बिस्किटापेक्षा पोटाला आधार होतो हे मला जाणवलं, पण 'पौष्टिक आहे' म्हणत मी चार-चार खात होते तो मूर्खपणा होता. शिवाय हे दातांना चिकटतं. खाऊन झाल्यावर चूळ भरायची सवय लावून घेतली.

लहान मुलं असतील तर द्राक्षं गोल देऊ नका, उभी चार भागांत चिरा. पाच वर्षांखालच्यांना अख्खे बदाम-अक्रोड नको, आणि वर्षाखालच्या बाळाला मध नको. बिनआचेचा खाऊ म्हणून मुलांना गोळे वळायला बसवता येतं, हा मात्र मोठा फायदा. माझी धाकटी वळते कमी, चाखते जास्त.

भांडी घासण्याचं कोणी लिहीत नाही. पात्याखाली अडकलेला खजूर घासून निघत नाही. गरम पाणी भरून वीस मिनिटं विसरून जायचं.

गेल्या महिन्यात ओव्हन दुरुस्त होऊन आला. पहिल्याच दिवशी त्यात बदाम भाजले, ह्याच वड्यांसाठी. कढईत भाजताना एक बाजू नेहमी करपायची, आता एकसारखे खमंग होतात, आणि वडीची चव कुठल्या कुठे गेली. तेव्हा वरचं शीर्षक आता पूर्ण खरं राहिलेलं नाही.