‘प्रोटेक्शनवाला’ म्हणून गळ्यात मारलेला चार्जिंग बोर्ड

निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाला रात्री पाणी पाजायचं तर डोक्याला बांधायचा टॉर्च लागतोच. तो बिघडला की बरेचदा आतला चार्जिंग बोर्ड बदलावा लागतो, आणि फसवणूक नेमकी तिथं चालते. प्रोटेक्शनवाला, म्हणजे सेल पार उतरण्यापासून वाचवणारा, म्हणून जादा पैसे मोजून बेळगावहून आणलेल्या पाकिटांत साधे बोर्ड निघतात. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "घेऊन जावा की, सगळा एकच माल!"

साध्या आणि प्रोटेक्शनवाल्या, दोन्ही बोर्डांवर टीपी४०५६ ही चार्जिंगची चिप असते, एवढंच खरं. ही आठ पायांची आयसी (चिप) टॉर्चचा लिथियम सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरते आणि करंट ठरवलेल्याच्या दहाव्या हिश्शावर उतरला की चार्जिंग बंद करते. सेल किती उतरू द्यायचा, हे मात्र ती बघत नाही. ते काम डीडब्ल्यू०१ ही सहा पायांची बारीक आयसी आणि तिच्या शेजारचं ८२०५ मॉस्फेट (स्विचचं काम करणारी चिप) करतात. व्होल्टेज २.४ च्या आसपास आलं की ही जोडी लोड, म्हणजे टॉर्चचा दिवा, सेलपासून तोडते. ती नसेल आणि टॉर्च चुकून चालू राहिला, तर सेल पार खाली जातो, आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुढच्या चार्जिंगला सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

साध्या बोर्डावर सेलसाठी दोनच पॅड (वायर जोडायच्या जागा) असतात. प्रोटेक्शनवाल्यावर सेलसाठी बी+, बी− आणि दिव्याकडे जाणारे आउट+, आउट− असे चार. पण पॅड मोजून गाफील राहू नका. चारही पॅड आहेत, चिपाही बसवल्यात, आणि बी− ते आउट− मध्ये सरळ सोल्डरचा डाग देऊन, म्हणजे प्रोटेक्शन बाजूला टाकून, मोकळे झालेत, असाही माल असतो. सेल आणि यूएसबी दोन्ही काढून मीटर बजरवर ठेवा आणि या दोन पॅडना टोकं लावा. बजर वाजला तर बोर्ड परत करा. हे दुकानातच, पैसे द्यायच्या आधी करायचं.

टीपी४०५६ नकली आहे का, हे तिच्यावरचं नाव वाचून कळत नाही. पॉलिश करून नाव छापता येतं. चांगला सेल लावून चार्जिंग पूर्ण होऊ द्या आणि सेलच्या टोकांवर मोजा. डेटाशीटप्रमाणे (कंपनीच्या माहितीपत्रकाप्रमाणे) ४.१३७ ते ४.२६३ व्होल्ट एवढीच मुभा आहे. ४.३ दिसलं किंवा बोर्डावरचा चार्जिंगचा दिवा बदललाच नाही, तर तो बोर्ड वापरू नका. नुसता गरम होतो म्हणून मात्र नकली ठरवू नका. ही लिनियर आयसी आहे, म्हणजे जादा व्होल्टेज उष्णता करून घालवते. ५ व्होल्टवरून ३.२ च्या सेलला १ अँपिअर देताना १.८ वॅट उष्णता निघणारच.

अस्सल बोर्डावरही ‘१२२’ लिहिलेला रेझिस्टर बघा. चार्जिंगचा करंट तोच ठरवतो. तो १.२ किलोओहमचा, म्हणजे १ अँपिअर. ५०० एमएएचच्या छोट्या सेलला तो मारक. तिथं ५ किलोओहम लावा, २५० मिलिअँपिअर मिळतील.

बिलावर ‘डीडब्ल्यू०१सह’ असं लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर माल परत घेताना दुकानदार ओळखही दाखवत नाही. पक्कं बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.