‘सगळ्या कंपन्यांना चालतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा ओएनटी

जून लागला की लातूर, नांदेड, संभाजीनगरात क्लासच्या मुलांच्या खोल्या भरतात आणि इंटरनेटच्या नव्या जोडण्या निघतात. याच दिवसांत जुने ओएनटी, म्हणजे फायबरची वायर जिथं खोचतात तो वायफायचा डबा, ‘कुठल्याही कंपनीला चालतो’ असं सांगून खपवले जातात. दुकानदार अडॅप्टर लावून हिरवे दिवे दाखवतो, मोबाईलवर वायफायचं नाव दिसतं, गिऱ्हाईक पैसे मोजतं. खोलीवर आल्यावर पॉनचा, म्हणजे कंपनीच्या फायबरवर नोंदणी झाली का ते दाखवणारा दिवा रात्रभर लुकलुकत राहतो आणि नेट काही येत नाही.

दुकानात दिवे लागले याचा अर्थ डब्याला वीज मिळाली, एवढाच. डब्याला जुळवून घ्यायचं असतं ते केबलवाल्याकडच्या ओएलटी यंत्राशी, म्हणजे फायबरच्या पलीकडच्या टोकाला बसून सगळ्या डब्यांची नोंदणी करणाऱ्या यंत्राशी, आणि ते दुकानात नसतं. फायबरवर बोलायच्या दोन वेगळ्या पद्धती आहेत, जीपॉन आणि ईपॉन. ओएलटी जीपॉनचं असेल तर ईपॉनचा डबा त्यावर कधीच नोंदणार नाही, आणि उलटही तसंच. फसगत इथं होते की दोन्ही पद्धतींत प्रकाश सारख्याच तरंगलांबीचा असतो : येताना १४९० नॅनोमीटर, जाताना १३१०. त्यामुळं चुकीच्या डब्यातही एलओएसचा, म्हणजे प्रकाश येत नसल्याचा लाल दिवा बरेचदा विझतो. मग दुकानदार म्हणतो, ‘प्रकाश येतोय ना? डबा चांगलाय, लाईनवाल्याला विचारा.’ लाईनवाला म्हणतो, ‘डबा बदला.’ गिऱ्हाईक दोघांत हेलपाटे घालतं आणि तेवढ्यात परत करायची मुदत सरते.

सगळ्यात वाईट माल म्हणजे बंद झालेल्या जोडणीचा डबा. पुष्कळ कंपन्या ओएनटी अनामत घेऊन किंवा फुकट वापरायला देतात. मालकी कंपनीचीच राहते. खोली सोडताना मुलं तो तिथंच टाकून जातात आणि तो पुसून, नवं खोकं लावून बाजारात येतो. आतलं फर्मवेअर, म्हणजे डबा चालवणारं सॉफ्टवेअर, त्या कंपनीपुरतं बांधलेलं असतं, सेटिंगचा मुख्य पासवर्ड कंपनीकडं असतो. काही जण अनुक्रमांकच बदलून देतात. एकाच ओएलटीवर त्याच क्रमांकाचा दुसरा डबा असला तर दोघांची टक्कर होते आणि नोंदणी टिकत नाही. अशा डब्याला हात लावू नका, निम्म्या किमतीत दिला तरी.

केबल कंपनीच्या मंजूर डब्यांच्या यादीचा स्क्रीनशॉट दाखवणाऱ्यापासूनही जपून. यादीत मॉडेलबरोबर हार्डवेअरची आवृत्ती असते. व्ही१ मंजूर आणि व्ही३ नामंजूर असं सर्रास होतं, कारण नाव तेच ठेवून आतली चिप बदललेली असते. यादी केबलवाल्याकडून त्याच आठवड्यात घ्यावी. काही कंपन्या बाहेरचा डबा मुळीच लावू देत नाहीत. तेही आधीच कळतं.

पैसे देण्याआधी केबलवाल्याला फोन करून विचारा : जीपॉन की ईपॉन, व्हीलॅन (कंपनीच्या लाईनवर तुमचं नेट कुठल्या वाटेनं येतं तो) क्रमांक किती, पीपीपीओईचं (नेट सुरू करायच्या लॉगिनचं) नाव-पासवर्ड कोण देणार. मग डब्यामागच्या लेबलचा फोटो त्याला पाठवा. जीपॉनचा अनुक्रमांक १२ अक्षरी असतो : आधी कंपनीची ४ अक्षरं, पुढं ८ अंक-अक्षरं. काही लेबलांवर तोच १६ अक्षरी छापतात, कारण पहिल्या चार अक्षरांचे अंक केलेले असतात. ईपॉनला बहुतेक मॅक पत्ता, म्हणजे लेबलवरच छापलेला यंत्राचा ओळख क्रमांक, लागतो. ‘हा नोंदवतो’ असं त्याचं लेखी उत्तर आल्याशिवाय खिशात हात घालू नका. ‘गिगा’ लिहिलेल्या डब्याचे लॅन पोर्ट, म्हणजे संगणकाची वायर खोचायची जागा, किती वेगाचे तेही विचारा. पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल तर २०० चा प्लॅन घेऊनही वायरवर ९४-९५ च्या वर वेग मिळणार नाही.

घरी आणल्यावर दोष कुणाचा हे दिव्यांवरून ठरवा. एलओएस लाल असेल तर प्रकाशच पोचत नाही : वायर मुडपली, तुटली, नाहीतर हिरव्या टोकाच्या जागी निळं टोक जोडलं. हिरवं टोक तिरकं घासलेलं असतं, निळं सरळ. दोन्ही एकमेकांवर नीट बसत नाहीत. एलओएस विझला आणि पॉन लुकलुकतोय तर नोंदणी अडली आहे. इथं डबा किंवा त्याचा क्रमांक संशयात. पॉन स्थिर असूनही नेट नाही, तर व्हीलॅन किंवा पीपीपीओई भरायचं राहिलंय. ओएलटी एका कंपनीचं आणि डबा दुसऱ्या कंपनीचा असला की ही माहिती बरेचदा आपोआप उतरत नाही, हातानं भरावी लागते.

डब्याच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये बहुधा १९२.१६८.१.१ लिहिलं की उघडतं) आलेल्या प्रकाशाची ताकद दिसते. ती डीबीएममध्ये मोजतात, आणि उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. जीपॉनला उणे ८ ते उणे २७ डीबीएम चालते. उणे ३० दिसलं तर लाईनवाल्याला बोलवा. उणे २० असून स्थिती ओ५ वर, म्हणजे नोंदणी पूर्ण झाल्याच्या टप्प्यावर, जात नसेल, तर त्या पानाचा फोटो घेऊन थेट दुकान गाठा.

बिलावर मॉडेल, आवृत्ती, अनुक्रमांक आणि ‘अमुक कंपनीच्या जीपॉन लाईनला चालेल, न चालल्यास ७ दिवसांत पैसे परत’ हे लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या डब्याचं पुढं फारसं काही करता येत नाही. दुकानदार लिहून द्यायला नाही म्हणाला तर तिथूनच फिरा. लेखी देऊनही टाळाटाळ केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि बिल, लेबल, ओ५ न आलेलं पान, तिन्हींचे फोटो जवळ ठेवा. आणि खोली सोडताना कंपनीचा ओएनटी अडॅप्टरसकट परत करून, अनुक्रमांक लिहिलेली पोच घ्या. नाहीतर अनामतही जाते आणि तुमच्या नावावरचा डबा पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या कुणाला विकला जातो.