फाइव्ह ॲक्सिसचं सेंटर कॅलिब्रेशन बाहेरून करून घेतलं, त्याचा अनुभव

भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे, त्यात एक ट्रनियन टेबलवाली फाइव्ह ॲक्सिस सीएनसी मशीन (पाच दिशांनी हलून धातू कापणारी), म्हणजे टेबल पाळण्यासारखं ए मध्ये झुकतं आणि त्यावर सी ची गोल प्लेट फिरते. ए आणि सी नेमके ज्या रेषेभोवती फिरतात ते त्यांचं सेंटर, त्याची जागा कंट्रोलमध्ये आकड्यांनी भरलेली असते. मार्चमध्ये रात्रपाळीत कटर फिक्स्चरवर (जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीवर) ठोकला. स्पिंडलचा (कटर फिरवणाऱ्या भागाचा) आवाज नीट होता म्हणून सकाळी काम परत चालू केलं आणि तिथेच चुकलं, कारण ॲल्युमिनियम हाउसिंगचे समोरासमोरचे दोन बोअर (गोल भोकं) एका लायनीत येईनात. ए ९० ला झुकवून एक बोअर सी ० ला आणि दुसरा सी १८० ला मारायचा, फरक २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) आत पाहिजे, सीएमएमवर (माप तपासायच्या मशीनवर) ३० दिसायला लागला.

आधी एका ओळखीच्या सर्व्हिसवाल्याला बोलावलं. त्याने थंड मशीनवरच टेबलच्या मधल्या बोअरला डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) लावला, सी एकदा फिरवला, कंट्रोलमध्ये आकडा बदलला आणि अर्ध्या तासात गेला. दुसऱ्या दिवशी ३० चे ४६ झाले, आणि जुने आकडे कुणीच लिहून ठेवले नव्हते त्यामुळे मागेही जाता येईना. त्या आठवड्यात जीव टांगणीला लागला होता, पार्टीचा रोज फोन.

मग ज्यांचा हा रिव्ह्यू आहे ते आले (नाव पाहिजे असेल त्याने मेसेज करा, सांगतो). मला सगळ्यात आवडलं ते हे की माणसाने मशीनला हात लावायच्या आधी रिजेक्ट पीस आणि सीएमएमचे रिपोर्ट मागितले. पीस हातात धरून आमच्या ऑपरेटरला म्हणाले, "हे बघ दादा, दोन बोअर एकमेकांपासून बाजूला सरकलेत, ते सी च्या सेंटरचं एक्स मधलं दुखणं. आणि बेसपासून उंची दोन्हीची सारखीच चुकलीये, ते ए च्या सेंटरचं. दोन दुखणी आहेत, एकाच आकड्याने जाणार नाहीत." ४६ चा हिशोबही सांगितला, टेबल १८० फिरलं की सेंटरची चूक दुप्पट होऊन पीसवर दिसते, म्हणजे सेंटर २३ ने बाहेर आहे. चार वर्षं मशीन चालवतोय पण इतकं सरळ कुणी समजावलं नव्हतं.

आदल्या दिवशीच फोन करून सांगितलेलं की रात्री मशीन बंद करू नका. सकाळी तासभर स्पिंडल आणि सगळे ॲक्सिस फिरवले, मग पहिल्यांदा प्रोब (स्पिंडलला लावायची, टेकली की जागा नोंदवणारी सुई) तपासला, म्हणजे मापाच्या अचूक गोळ्यावर टच घेऊन स्पिंडल १८० फिरवून परत टच, कारण प्रोबच खोटं बोलत असेल तर सेंटर काय काढणार. गोळा टेबलच्या मध्यापासून साधारण १४० एमएम लांब लावला आणि बेसवर डायल टेकवून बोटाने ढकलून बघितलं की हलतो का. सी दर ३० डिग्रीला, ए पाच ठिकाणी, असे तीन राउंड. हे मोजायचा तयार प्रोग्राम, म्हणजे सायकल, कंट्रोलमध्येच मिळते, हायडनहाइन कंट्रोलला किनेमॅटिक्सऑप्ट, सीमेन्सला सायकल ९९६, पण सायकल फक्त आकडा देते, गोळा ढिला आहे का ते माणसालाच बघावं लागतं. तिन्ही राउंडमध्ये २ मायक्रॉनचा फरक आला तेव्हाच आकड्यांना हात लावला. त्याआधी जुने आकडे कागदावर लिहून पॅनलच्या दाराला आतून चिकटवले, आणि एकेक आकडा बदलून परत गोळा मोजला, प्लस-मायनस उलटं पडलं तर लगेच कळावं म्हणून. संध्याकाळी आमचाच जॉब काढला, बोअरमधला फरक ९ मायक्रॉन.

आता जे खटकलं ते. दोन तास उशिरा आले. रिपोर्ट आठ दिवसांनी मिळाला, तोही दोनदा फोन केल्यावर, आणि त्यात टेम्परेचर लिहिलेलंच नाही. हे बारीक नाही, लोखंड मीटरला डिग्रीमागे ११-१२ मायक्रॉन वाढतं, आमच्या शेडमध्ये मे महिन्यात सकाळ-दुपार ५-६ डिग्री फरक पडतो, म्हणजे ३०० एमएमवर जवळपास २० मायक्रॉन, मग कुठल्या टेम्परेचरला मोजलं ते नको का कळायला. दुसरं म्हणजे मोकळ्या टेबलवर मोजत होते, आमचं फिक्स्चर जॉबसकट ७० किलोचं आहे. मी विचारल्यावर लोड ठेवून ए परत मोजला तर ९० ला ६ मायक्रॉन खाली बसत होतं. आम्ही विचारलं नसतं तर तसंच राहिलं असतं.

आणि एक गोष्ट त्यांनी सांगायला पाहिजे होती. आमचे काही जुने प्रोग्राम टीसीपीशिवायचे (टेबल फिरल्यावर टूलची जागा कंट्रोलने स्वतः सांभाळायची सोय न वापरणारे) आहेत, त्यात कॅममधून (प्रोग्राम बनवायच्या सॉफ्टवेअरमधून) सेंटरचा हिशोब आधीच धरून पॉइंट काढलेले असतात. कंट्रोलमध्ये सेंटर बदललं पण कॅममध्ये जुनंच राहिलं, त्यात एक पीस गेला. ज्यांच्याकडे असे प्रोग्राम असतील त्यांनी पोस्ट प्रोसेसर (कॅमचं काम मशीनच्या भाषेत बदलणारा भाग) त्याच दिवशी बदलून घ्या, वर्क ऑफसेटही (जॉबच्या शून्याची जागा) नव्याने घ्या.

चार्ज १८ हजार अधिक जीएसटी. एका लॉटचं रिजेक्शन त्याहून जास्त होतं त्यामुळे पैशांबद्दल तक्रार नाही, परत त्यांनाच बोलावीन, फक्त टेम्परेचर आणि लोड आधीच लिहून घेईन.

जाताना त्यांनी ऑपरेटरकडून दोन वेळा गोळा मोजून घेतला, तो वेळ वेगळा लावला नाही. आता आम्ही स्वतःचा गोळा घेतलाय, दर सोमवारी सकाळी मशीन गरम झाल्यावर तो पोरगा सी चार ठिकाणी आणि ए तीन ठिकाणी मोजतो आणि शेडच्या टेम्परेचरसकट त्याच कागदाखाली लिहितो. गेल्या सोमवारी ए च्या सेंटरचं झेड (उभं माप) ४ मायक्रॉनने सरकलेलं दिसलं, पाऊस पडून शेड गार झालेली, म्हणून आकडा अजून बदललेला नाही.