पद्मिनी की अँबॅसेडर? आधी खाली वाकून बघा

जुनी गाडी घ्यायची होती. फोंड्यात एक पद्मिनी, म्हापशात एक अँबॅसेडर. दोन्ही एकाच आठवड्यात बघितल्या. पद्मिनीचा रंग आरशासारखा, पण दाराच्या खालच्या कडेला लोहचुंबक लावला तर चिकटेना. म्हणजे पत्रा गेलेला, आत नुसती लांबी, म्हणजे रंगाऱ्याची पुट्टी, भरलेली. गोव्यातला पाऊस आणि खारा वारा पत्र्याला आतून खातो. या गाड्यांना वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही, बॉडीच सगळा भार पेलते, त्यामुळे तळ सडला की गाडीची ताकदच गेली. मॅट उचलून जमिनीचा पत्रा स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघाच. मालकाचा चेहरा पडला तर पडू दे!

अँबॅसेडर दिसायला कळकट, पण तळ ठणठणीत. मात्र एका बाजूला कललेली. हिचं पुढचं सस्पेन्शन टॉर्शन बारवर, म्हणजे पिळला जाऊन स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यावर असतं, तेव्हा बार आणि तो जिथे बसतो तो पत्रा मेस्त्रीला दाखवायचा. पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंग.

इंजिन? पद्मिनीचं १०८९ सीसी, अँबॅसेडरचं १४८९ सीसी. दोन्ही दुरुस्त होतात, त्यात फार डोकं घालू नका. ब्रेक मात्र पाय दाबून धरून बघा. पेडल हळूहळू खाली गेलं तर बहुधा ब्रेकचं तेल दाबणारा मास्टर सिलिंडर गेला.

कागदात पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण बघा, ते पाच-पाच वर्षांचं असतं. मी कळकट अँबॅसेडरलाच बयाणा दिला.